इको नांदेडात, आजार तांड्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाईलला जोडता येणाऱ्या, खिशात मावणाऱ्या इको मशीनबद्दल गेल्या आठवड्यात आपल्या अंकात छोटी बातमी होती. इको म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं हलतं चित्र पडद्यावर दाखवणारी तपासणी. ती मी कापून ठेवली आहे. तिच्यावर मला चार शब्द लिहायचे आहेत. पत्र लांबलं तर अवश्य कापा, फक्त कायद्याबद्दलचा मजकूर तेवढा राहू द्या, ही विनंती.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो, किनवट आगारात. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं किनवट-नांदेड मार्गावर गेली. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत एक्स-रेचं मोठं पाकीट असलेला प्रवासी मला लांबूनच ओळखू यायचा. 'कुठं?' म्हटलं की उत्तर ठरलेलं : 'नांदेड. टूडी इको काढायचाय.' आमच्याकडं गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू, मराठी अशा सगळ्या बोली बोलणारी माणसं गाडीत चढतात. 'टूडी इको' हा शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच.

२०११-१२ च्या सुमाराला एका तांड्याच्या फाट्यावरून एक बाई आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन चढायची. तांड्यापासून फाट्यापर्यंत चालत आलं की त्या मुलीला एवढी धाप लागायची, की गाडीची पायरी चढायलाही तिला मध्ये थांबावं लागे. मी तिला माझ्या जागेवर बसवायचो. पहिल्या खेपेला इको करणारे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या खेपेला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. त्या तारखेला गेल्या तर मशीन बंद. तिन्ही वेळा संध्याकाळच्या फेरीला त्या माझ्याच गाडीनं परत आल्या. त्यानंतर काही महिने दिसल्या नाहीत. मग एकदा ती बाई एकटीच चढली. किनवटला तहसीलमध्ये चालली होती, रेशन कार्डावरून नाव कमी करायला. कुणाचं, हे मी विचारलं नाही. सगळे कागद त्या एकाच फाईलमध्ये असल्यामुळं तिनं फाईल सोबत आणली होती. तिनं ती उघडून माझ्यापुढं धरली. आत केसपेपर होता, छातीचा फोटो होता, ईसीजीची पट्टी होती. इकोचा रिपोर्ट नव्हता. टाचणी लावलेली सहा तिकिटं होती, तीन जायची आणि तीन यायची, सगळी माझ्याच मशीनची. तिकिटं जपून ठेव, पैसे परत मिळतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मशीनच्या तिकिटाची शाई टिकत नाही. पहिल्या दोन तिकिटांवरचा मजकूर उडून गेला होता.

तोच आजार त्याच वेळी माझ्या घरात वाढत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. डॉक्टर त्याला रुमॅटिक हृदयरोग म्हणतात. लहानपणी घसा दुखून मागून ताप येतो, त्यातून हृदयाची झडप खराब होते, तो हा आजार.

माझी थोरली मुलगी सहावीत असताना, २००५ च्या पावसाळ्यात, तिचा घसा दुखला. घसा आपोआप बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी ताप चढला आणि गुडघा टम्म सुजला. तो उतरतो न उतरतो तोच घोटा, मग मनगट. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी वाढीचं वय आहे म्हणून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत पोरगी अंगणात उड्या मारायला लागली. आम्ही विसरून गेलो. २०१४ मध्ये तिचं लग्न झालं आणि २०१६ मध्ये तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात दम लागायला लागला. दोन ठिकाणी 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. शेवटी माझ्या विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, 'भाऊ, पोरगी रात्री भितीला टेकून बसून झोपते, आडवी झाली की गुदमरते. ह्ये काही रक्ताचं दुखणं न्हाई.' त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत. पण दोन डॉक्टरांना जे सुचलं नाही ते त्यांनी रात्री जागून पाहिलं होतं, आणि त्यांच्यामुळंच माझी मुलगी आज आहे.

नांदेडला खासगी ठिकाणी १८०० रुपये भरून इको काढला. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. पडदा आमच्याकडं वळवून त्यांनी दाखवलं. झडपेची पाकळी उघडताना हॉकीच्या काठीसारखी वाकत होती आणि टोकाशी चिकटून राहत होती. वरच्या कप्प्यातून खाली रक्त जाण्याची ही वाट ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असायला हवी, हिची ०.८ उरली आहे, असं ते म्हणाले. मी नाण्यांत आयुष्य काढलेला माणूस, मला ते असं समजलं : रुपयाचं नाणं जाईल एवढी वाट हवी, तिथं माझ्या खाकी सदऱ्याचं बटण जेमतेम जाईल एवढी राहिली होती. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. तेवढं रक्त त्या बटणाएवढ्या फटीतून जाऊ पाहत होतं, उरलेलं फुप्फुसांत तुंबत होतं, म्हणून तिला आडवं होता येत नव्हतं. 'लहानपणी सांधे सुजले होते का?' त्यांनी विचारलं. तेव्हा मला २००५ चा पावसाळा आठवला. हा रुमॅटिक ताप सांध्यांना नुसता चाटतो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टरांच्या शिक्षणात एक जुनं वचन आहे म्हणे.

पुढं मोठ्या शहरात, मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन तिची झडप मोकळी केली. खर्च तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेतून झाला, त्याबद्दल मी सरकारचा ऋणी आहे. नात आता चौथीत आहे. मुलीला दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन घ्यावं लागतं. घशाचा तो जंतू पुन्हा आला तर झडपेवर पुन्हा घाव बसतो, तो टाळण्यासाठी. कधी आमच्या भागात ते इंजेक्शन मिळत नाही. मग नांदेडहून येणाऱ्या गाडीच्या वाहकाकडं मागवायचं. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी ती कुपी तिकिटाच्या पेटीत ठेवून कितीदा आणून दिली आहे.

निवृत्त झाल्यावर मी या विषयाचं मिळेल ते वाचू लागलो. मुलगा मोबाईलवर काढून देतो. वाचताना एक गोष्ट कळली, तेव्हापासून ती मनातून जात नाही. इको हे तंत्र १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड गावात जन्मलं. इंगे एडलर हे हृदयाचे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्‌झ हे भौतिकशास्त्रज्ञ. जहाजाच्या कारखान्यात लोखंडातली भेग शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत, रेल्वेच्या रुळातली भेग शोधतात तसंच. ते उसनं आणून त्यांनी माणसाच्या छातीवर लावून पाहिलं. कशासाठी? एडलर यांना ऑपरेशनच्या आधी नेमकं हेच कळायला हवं होतं, की रोग्याची ही झडप आकसली आहे की गळते आहे. म्हणजे इको जन्मला तो माझ्या मुलीच्या आजारासाठी. श्रीमंत देशांत घरं मोकळी झाली, घशाला वेळेवर पेनिसिलीन मिळू लागलं आणि तिथून हा आजार जवळपास गेला. मशीन तिथंच राहिलं, चांगलं होत गेलं, महाग होत गेलं. आजार इकडं राहिला, युगांडात, मोझांबिकात, फिजीत आणि आमच्या तांड्या-पाड्यांवर. २०१५ चा जगाचा अंदाज ३ कोटी ३० लाखांहून जास्त रोग्यांचा आणि वर्षाला ३ लाखांहून जास्त मृत्यूंचा आहे. त्यात तेरा-चौदा वर्षांच्या पोरी असतात, पहिलटकरणी असतात.

स्टेथोस्कोपनं भागेल का? २००७ मध्ये मोझांबिक आणि कंबोडियातल्या शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. स्टेथोस्कोप लावून हजारात दोनच्या आसपास मुलं सापडली. त्याच मुलांना इको लावला तर कंबोडियात हजारात २१ आणि मोझांबिकात हजारात ३० सापडली. दहा मुलांमधली नऊ कानाला ऐकूच आली नव्हती. आपल्याकडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली, आणि त्याच्या आजारांच्या यादीत हा आजार नावानिशी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी टूडी इकोची शिबिरंही होतात आणि त्यातून पुढं अनेक लेकरांची ऑपरेशनं होतात. हे मोठं काम आहे. पण शिबिराला कोण येतं? ज्याच्या छातीत शाळेतल्या तपासणीत आवाज ऐकू आला, ते. ज्याचा आवाज ऐकूच येत नाही ते लेकरू शिबिराच्या दारापर्यंत पोहोचत नाही. क्रम उलटा आहे. इको शाळेत आधी लागायला हवा.

लवकर सापडून उपयोग काय, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर उत्तर युगांडातून मिळालं. तिथं १ लाखाहून जास्त मुलांना शाळेत इको लावला आणि ज्यांच्या झडपेवर आजाराची नुसती चाहूल होती, अशांपैकी ८१८ मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलीन, दुसऱ्याला नाही. दोन वर्षांनी पाहिलं तर इंजेक्शन घेतलेल्या ३९९ पैकी ३ मुलांचा आजार वाढला होता, न घेतलेल्या ४०० पैकी ३३ जणांचा. इंजेक्शनाविना सुद्धा बहुतेक मुलं त्या दोन वर्षांत बिघडली नाहीत, हेही सांगायला हवं. उगाच घाबरवून चालणार नाही. पण ३ आणि ३३ मधली ती जी ३० पोरं आहेत, त्यांच्यापैकी एकीला मी माझ्या जागेवर बसवत होतो.

आता मशीनच्या किमतीकडं येतो. पूर्वी प्रोबच्या, म्हणजे छातीवर फिरवायच्या दांड्याच्या, तोंडाशी स्फटिकांची रांग लावावी लागायची, ते महागाचं काम. आता एका सिलिकॉनच्या चिपवर ते काम होतं. बटरफ्लाय नावाचं असं यंत्र २०१८ मध्ये अमेरिकेत साधारण २००० डॉलरला विकायला आलं. तेव्हाच्या भावानं सव्वा-दीड लाख रुपये. एसटीच्या एका गाडीची सहाही चाकं नव्या टायरांची करायची तर जवळपास तेवढेच लागतात. त्याची दरवर्षीची वर्गणी वेगळी. तरी मोठ्या मशीनपुढं ही रक्कम काहीच नाही. तालुक्याला एक, हे परवडणारं आहे.

पण मशीन स्वस्त झालं म्हणजे इको स्वस्त झाला असं नाही. त्या बाईला इकोच्या फीनं मारलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात फी नाममात्र होती. तिला मारलं ते दोघींच्या जाण्यायेण्यानं, तीन वेळा बुडालेल्या मजुरीनं आणि 'पुढच्या महिन्यात या' या वाक्यानं. महिलांना आता अर्धं तिकीट आहे, चांगलं झालं. पण तारीख वाया गेली की अर्धं तिकीटही वायाच जातं. योजना लाखाचं ऑपरेशन करते. त्या ऑपरेशनपर्यंत नेणारा कागद मात्र माणसाला आधी स्वतःच्या पायानं आणि स्वतःच्या खिशातून मिळवावा लागतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मशीननं प्रवास करावा, पोरीनं नाही.

आणि इथं कायदा येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. मला दोन मुली आहेत. त्या कायद्याचा मला अभिमान आहे आणि त्यात एक टाकाही उसवू नये असं माझं मत आहे. पण सोनोग्राफी आणि इको ही एकाच जातीची यंत्रं असल्यामुळं तो कायदा इकोलाही लागू होतो. २०१२ च्या नियमाप्रमाणं हातात घेऊन फिरण्याजोगं यंत्र दोनच प्रकारे वापरता येतं : नोंदणी झालेल्या दवाखान्यात दाखल रोग्यांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. शिवाय ते चालवायला त्याचं शिक्षण घेतलेला डॉक्टरच लागतो. आता युगांडात आणि फिजीत परिचारिकांना काही आठवड्यांचं शिक्षण देऊन शाळांतून इको करायला लावलं आहे. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात परिचारिका आणि तंत्रज्ञ चित्रं घेतात, दूर शहरात बसलेले तज्ज्ञ ती पाहून निदान करतात. आपल्या आरोग्यसेविकेनं हेच केलं तर तो गुन्हा ठरेल.

यातून वाट आहे. फिरत्या पथकाचं दार कायद्यानं आजही उघडं ठेवलं आहे. पहिलं काम म्हणजे प्रत्येक आदिवासी तालुक्यातल्या अशा पथकाला एक नोंदणीकृत हातातलं इको यंत्र आणि ते शिकलेला एक डॉक्टर द्यावा. त्यासाठी कायद्याचं एक अक्षर बदलायला नको. दुसरं काम सरकारनं तज्ज्ञांना आणि या कायद्यासाठी झटणाऱ्या महिला संघटनांना एकत्र बसवून करावं. फक्त हृदयाचीच तपासणी होईल, प्रत्येक चित्र आपोआप जिल्ह्याला नोंदलं जाईल आणि फक्त शाळेतल्या मुलांपुरतंच चालेल, अशी व्यवस्था ठरवून परिचारिकांना परवानगी द्यावी. ते कठीण आहे, पण अशक्य नाही. एसटीत तिकिटाचं मशीन आलं तेव्हा तिकिटांचा ट्रे आणि चिमटा घेऊन पंचवीस वर्षं काढलेल्या आमच्या माणसांना ते जमेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आठ-दहा दिवसांत सगळे शिकले. प्रत्येक तिकिटाची नोंद रोज संध्याकाळी आगारात उतरत होती, एक रुपया इकडचा तिकडं होत नव्हता. तिकिटाचा हिशेब असा ठेवता येतो, तर एका प्रोबचा का नाही?

आणि ते यंत्र अमेरिकेतूनच का यावं? तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूनं देशी कृत्रिम झडप बनवली. १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली आणि आजवर लाखाहून जास्त रोग्यांना बसली आहे, परदेशी झडपेपेक्षा पुष्कळ कमी किमतीत. सरकारी संस्थेनं वर्षानुवर्षं चिकाटी धरली म्हणून ते झालं. झडप बिघडल्यावर बदलायची वस्तू आपण बनवली. ती बिघडते आहे हे वेळेवर दाखवणारी वस्तूही कुणीतरी तशीच हाती घ्यायला हवी. आणि तिच्यासोबत ती २१ दिवसांची कुपी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम असायला हवी. नाहीतर आजार दाखवून औषध न देण्यासारखं होईल.

एक अडचण राहते, ती घराघरातली आहे. 'पोरीला हृदयाचा आजार' हे चारचौघांत गेलं की स्थळं येत नाहीत. शाळेत इको होणार म्हटलं की काही आया त्या दिवशी पोरीला घरीच ठेवतील, हे मी आज सांगतो. म्हणून निकाल वर्गात वाचून दाखवू नये. बंद पाकिटात आईच्या हातात द्यावा, आणि हा आजार आत्ता सापडला तर सुईनं थांबतो, हे तिला तिच्या बोलीत सांगणारं माणूस सोबत असावं. माझ्या जावयानं आणि विहीणबाईंनी माझ्या मुलीला फुलासारखं सांभाळलं. पण मला धाकटी मुलगी आहे, तिचं अजून जमायचं आहे. त्यामुळं माझंही नाव छापू नये, असं मला लिहावं लागतं आहे.

असं पथक कुणी किनवट-माहूर भागात आणणार असेल तर मी सोबत यायला तयार आहे. कोणत्या फाट्यावरून कोणता तांडा किती चालीवर आहे, पावसाळ्यात कोणता नाला गाडी अडवतो, ऊसतोडीला कोणती वस्ती कधी रिकामी होते आणि पोरं शाळेत कधी असतात, हे मला पाठ आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दिवाळीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. कार्यालयात माझा पत्ता आणि फोन दिला आहे, तो विचारणाऱ्याला द्यावा.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
ता. किनवट, जि. नांदेड
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)